दातांवरून वय : दाखला लिहिण्यापूर्वी

महाळुंगे परिसरात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे औषधाइतकीच मागणी दाखल्यांना असते. कामावर रुजू होण्यासाठी तंदुरुस्तीचा दाखला, आजारपणानंतर पुन्हा कामावर घ्यावे म्हणून दाखला, रजेसाठी दाखला. चाकण-तळेगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने, गोदामे आणि सुटे भाग बनविणाऱ्या लहान शेड वाढत गेल्या, तसतसा हा कागदी व्यवहारही वाढला. यांतील बहुतेक दाखले निरुपद्रवी असतात. परंतु एका दाखल्याविषयी आपण वैद्यांनी, आणि फार्मसी चालविणाऱ्या आपल्या बांधवांनीही, गांभीर्याने विचार करण्याची वेळ आली आहे. तो म्हणजे वयाचा दाखला.

प्रस्तुत लेखकाच्या चिकित्सालयातील एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. पावसाळ्याचे दिवस होते. कामगार पुरविणारा एक ठेकेदार एका मुलाला घेऊन आला. मुलगा झारखंडचा, अंगाने काटक, ओठांवर मिशीची जेमतेम लव. ठेकेदाराच्या हातात संपूर्ण जबड्याचे क्ष-किरण चित्र होते. आपण सारे ज्याला ओपीजी म्हणतो, तेच. दात दुखतो म्हणून ते काढले होते की याच कामासाठी, हे कळले नाही. चित्राच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, अक्कलदाढ दिसतेय बघा. अठरा पूर्ण, एवढं लेटरहेडवर लिहून द्या, म्हणजे झालं." मुलाला वय विचारले, तेव्हा त्याने आधी ठेकेदाराकडे पाहिले आणि मग अठरा सांगितले. जन्मसाल विचारले, तेव्हा तो गप्प राहिला.

चित्रात अक्कलदाढ दिसत होती, हे खरे. परंतु ती हाडाच्या आत होती. तिचा वरचा भाग तयार झालेला होता आणि मुळाची नुकतीच सुरुवात होती. तिच्या पुढील दाढेची, म्हणजे दुसऱ्या कायमच्या दाढेची, मुळेही टोकाशी उघडीच होती. माझ्या दंतवैद्य मित्राला ते चित्र दाखविले असते, तर त्याने हा मुलगा तेरा ते पंधराच्या आसपासचा आहे असेच म्हटले असते. मी दाखला नाकारला. ठेकेदार नाराज झाला, चित्र गुंडाळून घेतले आणि मुलाला घेऊन निघून गेला. पुढे त्याला दाखला कोणी दिला की दिलाच नाही, हे मला ठाऊक नाही. मी मात्र त्या दिवशी आपण सही केली नाही एवढ्यावरच समाधान मानले. ते समाधान अपुरे होते, असे आता वाटते. या लेखामागील कारण तेच आहे.

ठेकेदाराची चूक अज्ञानातून झाली असेल वा नसेल. आपली तशी होता कामा नये. म्हणून क्ष-किरण चित्रातील दात नेमके काय सांगतात, हे प्रथम पाहू. अक्कलदाढ चित्रात दिसणे आणि ती तोंडात उगवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तिचे बीज साधारण आठव्या ते दहाव्या वर्षापासून खनिजयुक्त होऊ लागते आणि चित्रात दिसू लागते. तिचा वरचा भाग बाराव्या ते सोळाव्या वर्षाच्या दरम्यान पूर्ण होतो, ती तोंडात येते ती सतराव्या ते एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, आणि तिची मुळे पूर्ण व्हायला अठरा ते पंचवीस वर्षे लागतात. काहींना तर अक्कलदाढ जन्मतःच नसते. तेव्हा "अक्कलदाढ दिसते, म्हणजे अठरा पूर्ण" हे विधान दहा वर्षांच्या बालकालाही लागू पडेल.

उगवलेले दात मोजून वय ठरविण्यापेक्षा क्ष-किरण चित्र अधिक विश्वासार्ह का, याचेही कारण समजून घेतले पाहिजे. दात हिरडीबाहेर येणे ही एका क्षणाची घटना आहे. दुधाचा दात लवकर काढला गेला, जबड्यात जागा कमी पडली, पोषण नीट झाले नाही, तर ती पुढेमागे होते. दाताची घडण मात्र अनेक वर्षे चालते. शिखरबिंदूंपासून सुरुवात होते, मग वरचा भाग पूर्ण होतो, मग मूळ वाढते आणि शेवटी मुळाचे टोक मिटते. या क्रमावर कुपोषणाचा व आजारपणाचा परिणाम हाडांच्या मानाने कमी होतो. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षी येते, परंतु तिची मुळे नवव्या-दहाव्या वर्षी पूर्ण होतात. खालच्या सुळ्याची मुळे बाराव्या ते चौदाव्या वर्षी आणि दुसऱ्या दाढेची चौदाव्या-पंधराव्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होतात.

याच क्रमावर आर्तो देमिर्जियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक पद्धती बसविली. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूचे सात कायमचे दात घ्यायचे, प्रत्येकाची घडण 'ए' ते 'एच' अशा आठ अवस्थांपैकी कोणत्या अवस्थेत आहे ते पाहायचे, प्रत्येक अवस्थेला ठरलेले गुण द्यायचे आणि त्यांच्या बेरजेवरून कोष्टकात वय वाचायचे. मुलांचे कोष्टक वेगळे व मुलींचे वेगळे, कारण मुलींचे दात काहीसे आधी घडतात. पद्धत सुटसुटीत आहे आणि जगभर वापरली गेली आहे. परंतु तिचे मूळ कोष्टक कॅनडातील फ्रेंचभाषक मुलांवर बेतलेले आहे. कोशी आणि टंडन यांनी १९९८ मध्ये दक्षिण भारतीय मुलांवर ते लावून पाहिले, तेव्हा वय सरासरी सुमारे ३ वर्षांनी जास्त दिसले. धारवाडच्या आशिथ आचार्य यांनी पुढे २०११ मध्ये अक्कलदाढेसह आठ दात घेऊन भारतीय मुलांसाठी स्वतंत्र सूत्रे मांडली, ती याच अडचणीमुळे.

ही ३ वर्षांची चूक कोणत्या दिशेची आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. ती मुलाला मोठे दाखविणारी आहे. अकरा वर्षांचा मुलगा परक्या कोष्टकात चौदाचा ठरतो, आणि चौदा ही आपल्या कायद्यातील एक सीमारेषा आहे. दुसरी अडचण याहूनही मूलभूत आहे. सात दातांची घडण सोळाव्या वर्षाच्या आसपास पूर्ण होते. त्यानंतर विचारण्याजोगा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे अक्कलदाढ. आणि साऱ्या दातांमध्ये तीच सर्वांत लहरी. म्हणजे आठ-दहा वर्षांच्या बालकाच्या बाबतीत दात बऱ्यापैकी नेमके सांगतात, आणि कायद्याला ज्या अठराव्या वर्षाची रेषा हवी असते तेथे येईपर्यंत त्यांचा आवाज क्षीण होतो. विशीनंतर ते जवळजवळ मुके होतात.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही, हे पुण्यातीलच एका खटल्याने दाखविले आहे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात एकाच कुटुंबातील सात जणांची हत्या झाली. मृतांत एक गर्भवती स्त्री व बालके होती. अत्यंत क्रूर असा हा गुन्हा होता. आरोपींपैकी नारायण चेतनराम चौधरी या राजस्थानातून आलेल्या तरुणाचे वय कागदोपत्री विशीच्या पुढचे नोंदले गेले. खटल्यात त्याच्या अल्पवयीन असण्याचा मुद्दाच आला नाही. १९९८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये ती सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. २००५ मध्ये पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्याची वयनिश्चितीसाठी तपासणी झाली. निष्कर्ष असा होता की वय २२ वर्षांहून अधिक व ४० वर्षांहून कमी आहे. पुढे बिकानेर जिल्ह्यातील शाळेची नोंद तपासली गेली. तीत निरानाराम या त्याच्या मूळ नावापुढे १ फेब्रुवारी १९८२ ही जन्मतारीख होती. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली, गुन्ह्याच्या वेळी तो १२ वर्षे ६ महिन्यांचा होता असा निर्णय दिला आणि त्याच्या सुटकेचा आदेश केला. तोपर्यंत तो २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिलेला होता.

२००५ च्या त्या तपासणीत डॉक्टरांचे काही चुकले, असे मला वाटत नाही. उलट ते प्रामाणिक राहिले. पूर्ण वाढलेल्या शरीराकडून जेवढे कळते तेवढेच त्यांनी लिहिले. अकरा वर्षे मागे जाऊन हिशेब केला, तर त्या अहवालानुसार गुन्ह्याच्या वेळचे वय ११ ते २९ यांच्या दरम्यान कोठेही येते. शाळेतील साडेबारा हे त्या मर्यादेत बसतेच. दुःख याचे आहे की प्रश्न अकरा वर्षे उशिरा विचारला गेला. साडेबारा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दुसऱ्या दाढेची मुळे अपुरी असतात, उपदाढांची टोके मिटत असतात, अक्कलदाढेचा केवळ वरचा भाग घडत असतो. अशा जबड्याची विशीतल्या तरुणाच्या जबड्याशी गल्लत होणे अशक्यप्राय आहे. दात साक्ष देतात, परंतु ती वेळेवर मागावी लागते. आणि कागदावर कोणीतरी सहज लिहिलेला वयाचा आकडा माणसाच्या साऱ्या आयुष्याला चिकटून राहतो.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. आयुर्वेदात दंतोद्भवाचा विचार नाही, असे कोणी म्हणू नये. काश्यपसंहितेत दंतजन्मिक नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. जितक्या महिन्यांत दात येतात तितक्याच वर्षांत ते पडून पुन्हा येतात, असे सूत्र त्यात सांगितले आहे. मुलींचे दात लवकर व कमी त्रासाने येतात, मुलांचे उशिरा, हेही निरीक्षण तेथे आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात येणारा खालचा पुढचा दात सहाव्या-सातव्या वर्षी बदलतो, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. पुढच्या दातांपुरते हे सूत्र सुंदर जुळते. सुळे आणि दाढा यांच्या बाबतीत मात्र ते जुळत नाही. हे मान्य केल्याने ग्रंथाचा गौरव कमी होत नाही. ज्या काळी जबड्याच्या आत पाहण्याचे साधन नव्हते, त्या काळी वाढीचा क्रम आणि स्त्री-पुरुष भेद हेरणे ही मोठीच गोष्ट होती. परंतु "हे सारे आपल्या ग्रंथांत आहेच" असे म्हणून त्या सूत्रावर आजचा दाखला लिहिणे म्हणजे ग्रंथाचाही अवमान होय.

चिकित्सेसाठी आपण वय पाहतोच. शार्ङ्गधराने बालकाची मात्रा महिन्यागणिक आणि पुढे वर्षागणिक वाढवीत नेली आहे, सोळाव्या वर्षापर्यंत. सुश्रुताने क्षीरप, क्षीरान्नाद, अन्नाद असे भेद केले. तेथे वयात सहा महिन्यांची चूक झाली, तर अग्नी आणि बल पाहून आपण मात्रा सुधारतो. रुग्ण उद्या पुन्हा येणार असतो. दाखल्याचे तसे नाही. तो एकदा हातातून गेला, की सुधारण्याची संधी उरत नाही. प्रमाणांच्या भाषेत सांगायचे, तर चित्रात दिसते ती दाताची अवस्था, तेवढेच प्रत्यक्ष. वय हे तिच्यावरून केलेले अनुमान होय. आपण अनुमानाला प्रत्यक्षाचे वस्त्र नेसवून त्याखाली सही करतो, हा खरा दोष आहे.

दाखला देणाऱ्या वैद्यकावर असा दबाव येणे नवे नाही. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कापड गिरण्यांत कामाला ठेवण्यास बंदी केली. मुलाची अंगकाठी व शक्ती नऊ वर्षांच्या बालकास साजेशी आहे, असा डॉक्टरचा दाखला आणला की काम मिळे. जन्मनोंदच नसल्याने हे दाखले कसे निघत असतील, याची कल्पना करावी. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये शेकडो मुलांचे दात तपासून, उंचीपेक्षा दात हे वयाचे अधिक चांगले गमक आहेत, असे पार्लमेंटच्या सदस्यांपुढे मांडले. दातांवरून वय सांगण्याच्या शास्त्राचा आरंभ असा गिरणीतल्या मुलांसाठी झाला. त्याच वर्षी, जुलै १८३७ मध्ये, इंग्लंडमध्ये जन्मांची नागरी नोंदणी सुरू झाली. खरा उपाय तो होता.

आपल्याकडील कायदाही हाच क्रम मानतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे वयाविषयी शंका असल्यास प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा अन्य अद्ययावत वैद्यकीय तपासणी. क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना २ वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच जयमाला खटल्यात नोंदविले. आधारपत्र हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नव्हे, असे त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हटले आहे. बालकामगारविषयक १९८६ च्या अधिनियमात २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, कौटुंबिक मदतीसारखे मोजके अपवाद वगळता, बंदी आहे. १४ ते १८ वयाच्या किशोरांना खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत घेता येत नाही. मालकास ६ महिने ते २ वर्षे कारावास आणि २० ते ५० हजार रुपये दंड होऊ शकतो. वयाविषयी निरीक्षक व मालक यांच्यात वाद झाला, तर तो विहित वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे जातो. खाजगी चिकित्सालयाच्या लेटरहेडला या व्यवस्थेत स्थान नाही. मग ठेकेदाराला तो कागद कशासाठी हवा असतो? अपघात झाल्यावर दोष आपल्यावर न येता वैद्यावर जावा, यासाठी.

यावर कोणी म्हणेल की आपण नाही दिला तर दुसरा कोणी देईल, आणि त्या गरीब मुलाची रोजी मात्र जाईल. यातील दुसरा मुद्दा मला खरोखर अस्वस्थ करतो. घरी पैसे पाठविण्यासाठी आलेला मुलगा रिकाम्या हाताने परत जाणे ही सुखाची गोष्ट नाही. परंतु प्रेस मशीनखाली बोटे गेलेल्या मुलाला त्याच्या खोट्या वयाचा कोणता उपयोग होतो? तो मोठा आहे असे लिहिणारा कागद त्याला बालक म्हणून मिळणारे प्रत्येक संरक्षण नाकारतो. आणि दुसरा कोणी देईल म्हणून आपण द्यावे, हा युक्तिवाद वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

म्हणून माझे विचार असे आहेत. आपल्या संघटनेच्या सभासदांनी खाजगी व्यक्तीच्या मागणीवरून वयाचा दाखला देऊ नये, असा ठराव करावा. तंदुरुस्तीच्या दाखल्यात वय लिहावेच लागले, तर ते "रुग्णाने सांगितलेले वय" असे लिहावे आणि पाहिलेल्या कागदाचा उल्लेख करावा. केवळ वय ठरविण्यासाठी मुलाला क्ष-किरण केंद्रात पाठवू नये. उपचारासाठी काढलेले चित्र हाती असेल आणि दंतवैद्याचे मत घ्यावे लागले, तर ते एका आकड्यात न मागता किमान व कमाल अशा मर्यादेत मागावे. शंकेचा लाभ मुलाच्या पदरात टाकावा. मूल खरोखर कामावर आहे अशी शंका आली, तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. त्या पावसाळी दिवशी मी हे केले नाही.

याहून अधिक उपयोगाचे काम आपल्या रोजच्या व्यवहारातले आहे. गर्भिणी आणि प्रसूता आपल्याकडे येतात. जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्या, एवढे वाक्य औषधाच्या चिठ्ठीवर लिहायला किती वेळ लागतो? १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखला हाच आधार झाला आहे. ज्यांची नोंद राहून गेली, त्यांना वर्ष उलटल्यावरही दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती करता येते, हे अनेक स्थलांतरित कुटुंबांना ठाऊक नसते. ते सांगण्यास आपल्याइतके जवळचे कोणी त्यांना भेटत नाही.

शेवटी फार्मसी चालविणाऱ्या बांधवांना एक विनंती. बाटल्या धुणे, चूर्णाच्या पुड्या भरणे, लेबले लावणे, दुकानातून घरपोच औषध देणे या कामांना "पोरगा" ठेवण्याची रीत आपल्या व्यवसायातही जुनी आहे. त्या पोराचे वय आपण कोणत्या कागदावरून लिहिले, हे कृपया एकदा आपल्याच नोंदवहीत उघडून पाहावे. कागद नसेल, तर त्याच्या शाळेला पत्र पाठवावे. त्याचे दात मोजू नयेत.